पहिला आठवडा टोळीचा

जिममध्ये पहिल्यांदा पाऊल ठेवलं तेव्हा मला बासष्टावं चालू होतं. त्याआधी चाळीस वर्षं सांगलीच्या हळदीच्या पेठेत मी पाठीवर पोती वाहिली होती. त्यामुळे आरशासमोर दोन-दोन किलोचे डंबेल सहज हातात घेऊन उभं राहिल्यावर मला हसू आलं. शेजारच्या बाईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या मांडीवरही माझ्यासारखीच पट्टी होती. तीही कुणासाठी तरी आली होती. त्या जिममध्ये स्वतःसाठी कुणी येत नसे.

मिरजेतल्या एका मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर ती जिम होती. वरच्या मजल्यांवर अवयव निकामी झालेले पेशंट आणि खाली त्यांना आपल्यातलं काही देऊ पाहणारे आम्ही. मी माझ्या मुलीसाठी आलो होतो. ऋतुजा छत्तीस वर्षांची, तासगावच्या शाळेत शिक्षिका. दोन वर्षांपासून तिचं यकृत आकसत चाललं होतं. तिच्या नवऱ्याचा, सागरचा, रक्तगट जुळला नाही. तिच्या आईला, कमलला, साखरेचा आजार. राहिलो मी.

पूर्वीचे दिवस असते तर साठी ओलांडलेल्या माणसाला डॉक्टरांनी दारातूनच परत पाठवलं असतं. वय झालंय, नियमात बसत नाही. बाप रडला असता, मुलीनं त्याची समजूत घातली असती, कुणाला कुणाचा राग आला नसता. पण तोलपट्टी आली आणि वयाची अट गेली.

तोलपट्टी म्हणजे तळहाताएवढी चिकटपट्टी. आतल्या अंगाला केसाहून बारीक सुया, टोचल्याचं कळतही नाही. मांडीला लावली की स्नायूच्या आत काय चाललंय ते ती सतत वाचत राहते. मला हे सगळं रेश्मानं समजावलं. रेश्मा मुजावर ही तिथली ट्रेनर. तिशीची, बडबडी, चुकलो तर खांद्यावर चापटी मारणारी.

"काका, स्नायूच्या प्रत्येक पेशीत दोन मुकादम बसलेत असं समजा," ती म्हणाली. "तुम्ही भराभर चाललात, सायकल मारलीत, धाप लागली, की पहिला जागा होतो. तो ओरडतो, सरपण कमी पडतंय, बांधकाम बंद करा, आधी चुली वाढवा. वजन उचललंत की दुसरा उठतो. तो म्हणतो, विटा आणा, भिंत जाड करा. पहिला ओरडत असला की दुसऱ्याचं कुणी ऐकत नाही. म्हणून सायकल सकाळी, वजन संध्याकाळी. मध्ये निदान सहा तास जाऊ द्यायचे."

"आन नुसतं वजनच उचललं तर? मला ती सवय हाय."

"मग भिंत जाड आणि चूल विझलेली. ऑपरेशनच्या टेबलावर चूल लागते, काका."

या दोन मुकादमांचा कारभार अभ्यासताना संशोधकांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. ज्याच्या शरीरात हे दोघं एकमेकांना वाट देतात, ज्याचं शरीर नव्या ओझ्यानं बदलतं, त्याचं कापलेलं यकृतसुद्धा लवकर भरून येतं. मग तो तिशीचा असो की पासष्टीचा. त्यावरून नियम ठरला. पहिला आठवडा पट्टी लावून नेहमीसारखं राहायचं, व्यायाम करायचा नाही. तेवढ्यात पट्टी माणसाचं शरीर ओळखून घेते. मग बारा आठवडे ती सांगेल तेवढी सायकल आणि ती सांगेल तेवढं वजन. शेवटी ती छापून देते, प्रतिसाद आहे किंवा नाही. आहे म्हटलं तरच डॉक्टर सुरी हातात घेत.

जूनच्या दहा तारखेला पट्टी लावली. डॉक्टर म्हणाले होते, ऋतुजाकडं दिवाळीपर्यंत वेळ आहे.

पट्टीबरोबर चार पानी कागद मिळाला. तो मी घरी बसून, बोट ठेवून, सगळा वाचला. वाचायला मला ऋतुजानंच शिकवलं होतं, ती सहावीत असताना, मी अडतीस वर्षांचा असताना. कागदावर लिहिलं होतं की पट्टी फक्त आंघोळीला काढावी. लिहिलं होतं की ती दुसऱ्या कुणी लावल्यास सामील असलेल्या सर्वांचं आरोग्यपत्र, ज्यावर घरातल्या सगळ्यांचे उपचार फुकट होतात ते, तीन वर्षं बंद होईल. हेही लिहिलं होतं की दात्यानं चूक स्वतः येऊन सांगितली तर त्याला एकदा नव्यानं सुरुवात करता येईल. मला वाचता येत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी पेठेत गेलो. काम सोडून दोन वर्षं झाली होती, पण आमची हमालांची टोळी तीच होती. आता रुंद रस्त्यावरच्या गोदामांत यंत्रांचे हात पोती उचलतात. बोळातल्या जुन्या गोदामांत ते हात वळत नाहीत, तिथं अजून माणूस लागतो. आमच्या टोळीत पाचजण उरले होते. मुकादम दत्तू पाटोळे माझ्याच वयाचा. सलीम शिकलगार पन्नाशीचा. गजा सव्वीस वर्षांचा, मानेपासून पोटरीपर्यंत नुसता दोर वळल्यासारखा. बाकी दोघं चाळिशीतले.

मी पँट वर सारून पट्टी दाखवली. सगळे वाकून बघायला लागले.

"आयला, हे तुला तोलणार?" दत्तू म्हणाला. "ह्याला डोळं कुठायत?"

"आतनं बघतंय."

"मग तर मेलासच. आतनं तू लई म्हातारा हायस."

सलीम हसला नाही. "मुकादम, हे व्यापाऱ्यागत असनार," तो म्हणाला. "व्यापारी पयलं पोतं बघतो. पयल्या पोत्याला गडी डगमगला की त्यो वरीसभर त्याला डगमग्याच म्हनतो. पयल्या आठवड्यात ह्याचा दम बघतील आन काडून टाकतील."

मी म्हणालो, कागदावर तसं लिहिलेलं नाही. नेहमीसारखं राहा, एवढंच लिहिलंय.

"कागद लिवनारा कदी पेठंत आलाय का?" दत्तू म्हणाला. मग त्यानं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि आमच्यातलं जुनं वाक्य म्हटलं, "पहिला आठवडा टोळीचा."

आमच्यात ही रीत होती. नवा गडी आला, किंवा कुणी आजारातून उठून आला, की त्याचा पहिला आठवडा टोळी वाहायची. तो नुसता बरोबर चालायचा, वाट बघून घ्यायचा, पोत्याला हात लावल्यासारखं करायचा. त्याच्या वाटणीचं ओझं सगळ्यांच्या पाठीवर थोडं थोडं पडायचं. हजेरी मात्र त्याच्या नावानं लागायची. एकोणिसाव्या वर्षी मी आलो तेव्हा माझा पहिला आठवडा टोळीनंच वाहिला होता. ह्यात लबाडी आहे असं आमच्या कुणाच्या मनातही आलं नाही. टोळीनं हात दिला आणि गडी नाही म्हणाला, असं चाळीस वर्षांत मी बघितलं नव्हतं.

मी पट्टी काढून दिली.

सहा दिवस ती पट्टी सकाळी पेठेत यायची आणि पाच मांड्यांवरून फिरून संध्याकाळी माझ्याकडं परत यायची. गजानं ती लावून तीन-तीन पोती एका दमात वर चढवली. दत्तू लावायचा तेव्हा मुद्दाम ताठ चालायचा. सलीम लावताना प्रत्येक वेळी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा. चहाच्या गाड्यावर मी बसून असायचो.

"कमलकाकूला सांगा," गजा मला म्हणायचा, "आण्णा आता पयलवान झाल्यात."

*

दुसऱ्या आठवड्यात जिम सुरू झाली आणि पट्टीनं माझ्यासाठी जे काढलं ते बघून रेश्माच्या भुवया वर गेल्या.

"काका, तुम्ही तर भारी निघालात. सकाळी पन्नास मिनिटं सायकल, तीही चढावर. संध्याकाळी पायांना सत्तर किलो. नव्या माणसाला एवढं मी कधी बघितलं नाही."

मला अभिमान वाटला. आता लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा अभिमानच वाटला होता.

सायकलच्या अठराव्या मिनिटाला डोळ्यांपुढं अंधारी आली. तिसाव्याला मी उतरून बादलीत ओकलो. संध्याकाळी सत्तर किलो घेतलं आणि गुडघा असा कळवळला की आरशातला माझा चेहरा मलाच ओळखू आला नाही. मी सोडलं नाही. उद्या होईल म्हणालो. सकाळचं राहिलेलं संध्याकाळी वजनानंतर भरून काढायला लागलो. रेश्मा रागवायची, सहा तासांचं काय सांगितलं होतं? पण पट्टी म्हणत होती अजून बाकी आहे, आणि मी आयुष्यात बाकी ठेवून घरी गेलो नव्हतो.

ऋतुजा वरच्या मजल्यावर तपासणीला यायची तेव्हा खाली डोकावायची. डोळे पिवळे, पायांना सूज, तरी चेष्टा करायची.

"आण्णा, चड्डी शोभते हो तुम्हाला."

"गप. मास्तरीण हायस म्हणून काय पन बोलशील?"

"जास्त करू नका. मला बाप पण पाहिजे आणि यकृत पण."

पाचव्या आठवड्यात आकडे वाढायच्या ऐवजी खाली गेले. रेश्मानं मला तिच्या टेबलाशी बसवलं आणि पडद्यावर माझा पहिला आठवडा काढला.

"हे बघा. मंगळवारी अकराला तुमची मांडी सव्वीस वर्षांच्या पैलवानासारखी चालली आहे. दुपारी दोनला साठीच्या माणसासारखी. चारला तिसराच कुणी. तुम्ही एकटे आहात की पाच माणसं?"

ती हसत होती. मी हसलो नाही. तिचं हसू हळूहळू थांबलं.

"नव्या माणसाचे पहिले आकडे वेडेवाकडे येतातच," ती म्हणाली, "म्हणून पट्टी पहिल्या आठवड्यात शंका घेत नाही. जे मिळेल त्याची बेरीज करते आणि हाच माणूस असं धरून चालते. पुढं तुमची तुलना फक्त त्या पहिल्या आठवड्याशी. काका, नीट ऐका. तिला तुमची ताकद बघायची नाहीये. ताकद वाढते का, तेवढंच बघायचंय. पहिल्या आठवड्यात तुम्ही अगदी मरतुकडे दिसला असता तर ते सगळ्यात बरं. नवख्याचं शरीर भराभर बदलतं, सायकलनंही आणि वजनानंही. त्या मरतुकड्या आकड्यावरून तुम्ही पंधरा दिवसांत वर आला असता."

मी मांडीवरची पट्टी चाचपली.

"पट्टी आठवडाभर तुमच्याच मांडीवर होती ना?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. आवाज खाली आणला. "चूक झाली असेल तर आज सांगा. तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून तेरा आठवडे मिळतील. दिवाळीच्या आत बसतंय. महिन्यानं सांगितलंत तर नाही बसणार. आणि ज्यांनी ज्यांनी लावली त्यांची नावं द्यावी लागतील. पाच जणांनी लावलेली एकावर ढकलता येत नाही, पट्टीत सगळं आहे."

"इचार करून सांगतो," मी म्हणालो. एवढ्यावरूनच तिला काय ते कळलं असणार.

*

मी थेट पेठेत गेलो. दत्तूला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यानं हळदीनं पिवळे झालेले आपले तळवे बघितले.

"आमी तुझं वाटुळं केलं व्हय रं?"

"मीच पट्टी काडून दिली."

"माझं नाव सांग. एकट्याचं."

"एकट्याचं चालत न्हाई."

मग तो म्हणाला ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "लक्ष्मणा, सलीमची आई हाय बघ. गळ्याची गाठ. तिचं औशद त्याच्याच आरोग्यपत्रावर चाललंय. अजून तीन आठवडं हायत. आता मधीच तुटलं तर पयलं घेतलेलं सगळं फुकट, डॉक्टरनं सांगितलंय. तेवढं हू दे. त्या दिवशी मी सोता तुझ्यासंगं येतो आन पाची जनांची नावं सांगतो. तीन आठवडं थांब."

सलीम लांब पोत्यांच्या थप्पीला टेकून उभा होता. त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण तो आमच्याकडंच बघत होता.

मी मनाशी मोजलं. तीन आठवडे थांबून पुन्हा तेरा. दिवाळीला अगदी टेकून बसत होतं. बसत होतं हे खरं. एका म्हातारीचा जीव आणि माझ्या मुलीचे तीन आठवडे, असा मी विचार केला. मुलीला विचारायला हवं होतं, हे मला सुचलं नाही. आमच्या टोळीत अशा गोष्टी दोघं-तिघं बोलून ठरवत. ज्याचं नुकसान व्हायचं त्याला नंतर सांगत.

"थांबतो," मी म्हणालो.

सलीमच्या आईचं शेवटचं औषध ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी होतं. त्याच्या आदल्या सोमवारी ऋतुजाला रक्ताची उलटी झाली. सागरनं तिला गाडीत घालून आणलं. बाथरूमची फरशी, गाडीची सीट, त्याचा शर्ट, सगळं भिजलं होतं. दोन दिवसांनी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आता दिवाळी विसरा, सप्टेंबरच्या पुढं थांबता येणार नाही. वडिलांचे तेरा आठवडे नऊ सप्टेंबरला पुरे होतात ना? मग झालं तर.

गुरुवारी दत्तू धुतलेला सदरा घालून दवाखान्याच्या दारात उभा होता.

"चल. सांगू या."

"आता सांगून काय उपेग न्हाई," मी म्हणालो. "नव्यानं तेरा आठवडं कुठनं आणू?"

तो तिथंच पायरीवर बसला. मी खाली जिममध्ये गेलो.

रेश्मानं माझं तोंड बघितलं आणि पडदा बंद केला. खणातून एक साधा कागद काढला आणि पेनानं लिहायला लागली. सकाळी वीस मिनिटं चालणं, बोलता येईल एवढ्याच वेगानं. संध्याकाळी, एक दिवसाआड, खुर्चीवरून उठणं-बसणं, दहा किलोपासून सुरुवात. रविवारी सुट्टी. झोप. डाळ, अंडी.

"हे पट्टीचं नाही, माझं आहे," ती म्हणाली. "नवख्या माणसाला द्यायचं ते हे. पट्टीला काय दिसायचं ते दिसू दे."

आणि शरीर बदललं. आठ दिवसांत गुडघा शांत झाला. पंधरा दिवसांत चालणं वीसवरून पस्तीस मिनिटांवर गेलं आणि मी चालता चालता रेश्माशी भांडू शकायला लागलो. दहाचे वीस किलो झाले, वीसचे तीस. झोप अशी लागायची जशी चाळीस वर्षांत लागली नव्हती. सकाळचा मुकादम आणि संध्याकाळचा मुकादम आपापल्या वेळेला येत होते, आपापलं काम करून जात होते. मला ते आत जाणवायचं. रोज वाटायचं की पट्टीलाही जाणवत असेल. पण पट्टी मला गजाशी तोलत होती, आणि गजाच्या मानानं मी रोज अपुराच होतो.

नऊ सप्टेंबरला तिनं छापलं: प्रतिसाद नाही. त्याखाली एक ओळ होती. क्षमता पुरेशी, दात्याचा प्रयत्न अपुरा.

यंत्राचा हिशेब सरळ होता. पहिल्या आठवड्यात ज्याच्या अंगात एवढी ताकद होती त्यानं पुढं ती वापरली नाही, म्हणजे त्यानं अंग राखलं. पूर्वी मला वयाच्या मागं लपता आलं असतं. आता कारण लेखी होतं आणि त्यावर माझं नाव होतं.

डॉक्टरांनी तो कागद सागरच्या हातात दिला. सागरनं तो वाचला, घडी घातली आणि माझ्याकडं न बघता निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

कमलनं घरी आल्यावर विचारलं. "खरं सांगा. तिथं सायकल हाणत हुता का नुस्तं बसून येत हुता?"

"हाणत हुतो."

"मग ते मशीन खोटं बोलतंय व्हय? तुमच्यावर त्याचा कसला दावा?" तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं. "भ्याला असाल तर भ्यालो म्हना. पोट फाडून घ्यायचं म्हनल्यावर मानूस भितंच. पर तिला आदी सांगायचं हुतं. तिनं दुसरं कायतरी बघितलं असतं."

मी जेवलो. नावं घेतली असती तर पाच घरांची आरोग्यपत्रं गेली असती आणि ऋतुजाला काहीच मिळालं नसतं. म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत होतो. पण खरं कारण वेगळं होतं. सांगितलं की कधी कळलं तेही सांगावं लागणार होतं.

*

ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात ऋतुजाला घरी सोडलं. मेलेल्या दात्याचं यकृत मिळण्याच्या यादीत तिचं नाव होतं, पण यादी लांब होती, आणि डॉक्टर आता ऑपरेशन सोसेल का असं बोलायला लागले होते. तासगावला सागर दिवसभर कामावर, म्हणून ती आमच्याकडं आली. हमाल वसाहतीत आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. रिक्षा खाली थांबली. बॅग घेऊन कमल पुढं वर गेली. ऋतुजा म्हणाली, जरा कट्ट्यावर बसू.

ऊन चांगलं होतं. तिनं शाल घट्ट ओढून घेतली.

"आण्णा, मी त्या रेश्माला भेटले होते," ती म्हणाली. "ती म्हणाली, तुमच्या वडलांइतकं झटून कुणी करत नाही. मग तो कागद असा का?"

मी सांगितलं. पट्टी कशी काढून दिली ते, गजाची पोती, दत्तूचं बोलणं, सगळं. तिच्या हातावर दवाखान्याची चिकटपट्टी राहिली होती, ती नखानं सोलत राहिली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पाचव्या आठवड्यात."

"तेव्हा सांगितलं असतं तर?"

"बसत हुतं. रेश्मा म्हनली हुती."

समोर पोरींचा लंगडीचा डाव चालला होता. त्यांच्या आरडाओरड्यात ती काही बोलली असेल तर मला ऐकू आलं नाही.

मग ती म्हणाली, "सलीमकाकांची आई कशी आहे?"

"बरी हाय. भाजी आनायला जातीया."

"बरं झालं."

तिनं ते खरंच म्हटलं, चिडून नाही. मला वाटतं, ती चिडली असती तर मला सोसलं असतं.

"मला विचारायचं होतं ना, आण्णा," ती म्हणाली. "मी कदाचित थांबा म्हणाले असते. पण विचारायचं तरी होतं."

थोड्या वेळानं ती कट्ट्याला धरून उठली आणि जिन्याकडं निघाली. चार पायऱ्या चढली. पाचवीवर तिनं कठडा धरला आणि थांबली. पाय उचलत नव्हता.

"पाठीवर घेऊ का?"

"मी काय पोतं आहे?"

मग मी तिला पुढून उचललं, एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीमागं. लहान असताना उचलायचो तसं. पोटाची सूज सोडली तर अंगात काही उरलं नव्हतं. चाळीस वर्षं मी ओझं हाताला लागताच वजन सांगत आलो होतो. ह्या वेळी मी मनात आकडा येऊ दिला नाही.

पहिला मजला झाला. दुसऱ्यावर शेजारणीनं दार उघडलं आणि बघून हळूच लावून घेतलं. मी थांबलो नाही, थांबायची गरज वाटली नाही. पाय एकामागं एक पडत होते, जिममध्ये पडायचे तसे. गुडघा बोलत नव्हता. तिचा कान माझ्या छातीला टेकलेला होता.

तिसऱ्या मजल्यावर, दारासमोर, मी तिला उभं केलं. तिनं हात माझ्या छातीवर तसाच ठेवला आणि वर माझ्याकडं बघितलं.

"आण्णा."

"हां."

"दम नाही लागला तुम्हाला."

"न्हाई," मी म्हणालो.